गावच्या पाण्याचा अहवाल गावापुढे

जमिनीचा कस ओळखावयाचा तर मातीचे परीक्षण करून घ्यावे, ही गोष्ट शेतकऱ्यास आता नवी राहिलेली नाही. आपल्या शेतात नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, हे अनेक शेतकरी तोंडपाठ सांगू शकतात. परंतु त्याच शेतकऱ्यास, घरच्या माठातील पाण्यात नायट्रेट किती आहे किंवा गेल्या पावसाळ्यानंतर गावच्या विहिरीचे पाणी तपासले तेव्हा काय निघाले, असे विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही. वास्तविक पुष्कळ ठिकाणी हे उत्तर तयार असते. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गेलेला असतो, तेथून अहवाल परत आलेला असतो आणि तो ग्रामपंचायतीच्या दप्तरात लावून ठेवलेला असतो. उणीव राहते ती एवढीच, की ज्याच्या घरात ते पाणी पोहोचते त्याच्यापर्यंत अहवाल पोहोचत नाही.

पाणी तपासणे हे निम्मे काम होय. तपासणीत काय आढळले ते गावास समजेल अशा भाषेत, वेळेवर आणि काही न लपविता सांगणे हे उरलेले निम्मे काम होय. या दुसऱ्या निम्म्या कामाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अहवाल कोणी द्यावयाचा?

गावास पिण्याचे पाणी पुरविणे हे ग्रामपंचायतीचे कर्तव्य आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक ग्रामीण कुटुंबास नळाद्वारे दरमाणशी दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे उद्दिष्ट ठरविण्यात आले. पाणी किती मिळावे हे जसे त्यात सांगितले, तसेच ते कोणत्या प्रतीचे असावे हेही सांगितले. भारतीय मानक ब्यूरोच्या आय.एस. १०५०० या मानकाप्रमाणे ते असावयास पाहिजे. म्हणजे नळाला धार आली एवढ्याने योजना पूर्ण झाली असे होत नाही. ती धार पिण्यास योग्य आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारीही पाणी पुरविणाऱ्यावर येते.

महाराष्ट्रात या कामाची विभागणी अनेक हातांत झालेली आहे. ग्रामपंचायतीने नेमलेला जलसुरक्षक नमुने घेतो व निर्जंतुकीकरणाकडे लक्ष देतो. ग्रामपंचायत अधिकारी नोंदी ठेवतो. आरोग्य सेवक व आशा सेविका आजारांवर लक्ष ठेवतात. गावातील पाच व्यक्तींना, शक्यतो महिलांना, क्षेत्रीय तपासणी संचाने पाणी तपासण्याचे शिक्षण द्यावे, अशी मिशनची योजना आहे. या सर्वांवर ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने देखरेख करावयाची असते. काम अनेकांचे असले की ते कोणाचेच राहात नाही, असा अनुभव सर्वत्र येतो. म्हणून तपासणी कोणीही करो, तिचा निष्कर्ष गावास कळविण्याचे काम एका निश्चित व्यक्तीकडे समितीने ठराव करून सोपवावे आणि तिचे नाव फलकावर लिहावे.

दोन प्रकारचे दोष

पाण्यातील दोष स्थूलमानाने दोन प्रकारचे असतात आणि त्यांतील भेद गावकऱ्यांच्या मनात स्पष्ट असणे अगत्याचे आहे.

पहिला दोष जंतूंचा. माणसाची किंवा जनावराची विष्ठा पाण्यात मिसळली की पटकी, विषमज्वर, कावीळ, हगवण यांसारखे रोग पसरतात. हा दोष एका रात्रीत उत्पन्न होऊ शकतो. पावसाची एक मोठी सर, गटाराशेजारी फुटलेली एक नळी किंवा टाकीचे उघडे राहिलेले झाकण एवढे कारण पुरते. त्याचा परिणामही थोड्याच दिवसांत, काही वेळा काही तासांतच दिसतो.

दुसरा दोष विरघळलेल्या द्रव्यांचा. फ्लोराइड, नायट्रेट, क्षार व कठीणपणा हे या वर्गात येतात. हे दोष खडकामुळे किंवा जमिनीवरील व्यवहारामुळे हळूहळू उत्पन्न होतात आणि हळूहळूच बदलतात. यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराइड आढळते. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात क्षारांचे प्रमाण फार असते. अशा पाण्याचा परिणाम वर्षानुवर्षांनी दिसतो, पण एकदा दिसू लागल्यावर तो सहसा मागे फिरत नाही. फ्लोराइडने किटाळलेले दात पुन्हा पांढरे होत नाहीत आणि वाकलेली हाडे सरळ होत नाहीत.

हा भेद लक्षात घेतल्यास दोन गोष्टी उघड होतात. जंतूंच्या दोषावर क्लोरीन आणि उकळणे हे उपाय लागू पडतात. नायट्रेट आणि फ्लोराइड यांवर ते मुळीच लागू पडत नाहीत. उलट, नायट्रेटयुक्त पाणी उकळले असता वाफ निघून जाते व नायट्रेट मागे राहते, त्यामुळे त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. "पाणी उकळून प्या" ही सूचना म्हणूनच प्रत्येक अहवालाखाली सरसकट लिहून चालत नाही. दोष कोणता त्यावर सूचना अवलंबून असली पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी, की पाण्याच्या रूपावरून त्याची परीक्षा करू नये. कूपनलिकेचे पाणी नितळ, थंड व गोड लागते. म्हणून ते चांगलेच असेल असा समज आहे. नायट्रेटला रंग नाही, वास नाही आणि नेहमी आढळणाऱ्या प्रमाणात चवही नाही. फ्लोराइडचेही तसेच.

रोजचा अहवाल : क्लोरीनची नोंद

जंतूंचा दोष एका रात्रीत उद्भवत असल्यामुळे त्यावरील पहारा रोजचा असावा लागतो. हा पहारा म्हणजे नळाच्या पाण्यात उरलेल्या क्लोरीनची तपासणी होय. निर्जंतुकीकरणासाठी टाकलेल्या क्लोरीनपैकी काही भाग पाण्यातील घाण व जंतू यांवर खर्च होतो. खर्च होऊन जो मोकळा भाग उरतो तो पुढे नळ्यांतून जाताना पाण्याचे रक्षण करतो. मानकाप्रमाणे हा भाग लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम असावा. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा तो निदान ०.५ मिलिग्रॅम असावा.

महाराष्ट्रात सामान्यतः १००० लिटर पाण्यास ५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे गावोगाव जिला टीसीएल म्हणतात ती, असे प्रमाण धरतात. समजा, एखाद्या गावाची लोकसंख्या १५०० आहे. दरमाणशी ५५ लिटरप्रमाणे तेथे दररोज ८२,५०० लिटर पाणी लागेल आणि त्यास सुमारे ४१२ ग्रॅम पावडर लागेल. हा हिशेब पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन आहे असे धरून केलेला आहे. पोते उघडे राहिले, ओल लागली किंवा ऊन लागले की क्लोरीन उडून जातो. हेच प्रमाण २० टक्क्यांवर आले तर तेवढ्याच कामासाठी १००० लिटरला ५ ऐवजी सुमारे सव्वाआठ ग्रॅम पावडर लागते. आणि २० टक्क्यांहून कमी क्लोरीन असलेली पावडर वापरूच नये. म्हणून पावडर कोरड्या, थंड व अंधाऱ्या जागी झाकून ठेवावी आणि तिचाही नमुना वेळोवेळी तपासून घ्यावा.

पावडर थेट टाकीत ओतू नये. प्रथम प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करावी, मग बादली तीनचतुर्थांश भरेल इतके पाणी घालून ढवळावे आणि दहा मिनिटे तशीच ठेवावी. चुना तळाशी बसल्यावर वरची निवळी टाकीत सोडावी. तळचा चुना टाकीत जाऊ देऊ नये. त्यानंतर निदान एक तासाने पाणी गावात सोडावे. पावडर हाताळताना हातमोजे घालावे व तोंडावर फडके बांधावे.

क्लोरीन तपासण्यासाठी पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतात. पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे. यालाच ओटी चाचणी म्हणतात. काही संचांत डीपीडी नावाची गोळी असते. तिने गुलाबी रंग येतो. रंग लागलीच, सोबतच्या रंगपट्टीशी ताडून पाहावा. परीक्षेचे पाणी कोणी पिऊ नये व ते परत साठ्यात ओतू नये.

येथे एक गोष्ट सांगणे जरूर आहे. टाकीखालच्या पहिल्या नळावर क्लोरीन आढळला म्हणून गावभर क्लोरीन आहे असे समजू नये. नमुना तीन ठिकाणी घ्यावा : टाकीजवळ, गावाच्या मध्यावर आणि नळीच्या अगदी शेवटच्या घरी. शेवटचे घर बहुधा नव्या वस्तीत किंवा गावकुसाजवळ असते. तेथे पाणी उशिरा व कमी दाबाने येते आणि क्लोरीनही तेथेच प्रथम संपतो. ज्या गावात पाणी दिवसातून एकदाच किंवा एकाआड एक दिवस सुटते, तेथे मधल्या काळात नळ्या रिकाम्या राहतात व गळतीच्या जागेतून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. म्हणून शेवटच्या घरची नोंद ही सर्वांत महत्त्वाची नोंद होय.

नोंदवहीत तारीख, वेळ, टाकीतील पाणी, टाकलेली पावडर, तिन्ही ठिकाणी आढळलेला क्लोरीन, पाऊस किंवा गळती झाली असल्यास तसा शेरा आणि सही, एवढे रकाने पुरेत. एक मात्र पथ्य पाळावे. नोंद पाहूनच करावी. महिनाअखेरीस एका बैठकीत सारे रकाने भरू नयेत. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की क्लोरीन अधिक खर्च होतो, त्यामुळे आकडा खाली यावयासच पाहिजे. ज्या वहीत बारा महिने एकच आकडा आहे, ती वही पाण्याविषयी काहीच सांगत नाही. ती केवळ लिहिणाऱ्याविषयी सांगते.

वर्षाचा अहवाल : नमुना आणि प्रयोगशाळा

वर्षातून निदान दोन वेळा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, जंतूंसाठी आणि निदान एकदा रासायनिक द्रव्यांसाठी प्रत्येक उद्भवाचे पाणी प्रयोगशाळेत तपासले जावे. गावातील संचाने केलेली तपासणी ही चाळणीसारखी समजावी. तिच्यात शंका आली की नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. जंतूंच्या प्राथमिक परीक्षेसाठी मिळणारी एच.टू.एस. बाटली ही अशीच एक चाळणी आहे. १९८२ मध्ये ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ही पद्धती प्रसिद्ध केली. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवल्यावर पाणी काळे झाले, तर विष्ठेचा संसर्ग झाला आहे असा संशय घ्यावा. क्लोरीन घातलेल्या पाण्यावर ही परीक्षा फसवी ठरू शकते, म्हणून ती मुख्यतः उद्भवाच्या पाण्यासाठी वापरावी.

अहवाल किती खरा ठरेल हे नमुन्यावर अवलंबून असते. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरावी. ती विसळू नये, कारण क्लोरीनचा प्रभाव थांबविणारे द्रव्य तीत आधीच घातलेले असते. नळ दोन-तीन मिनिटे मोकळा सोडावा, बाटलीच्या तोंडास बोट लावू नये, वर थोडी जागा रिकामी ठेवावी आणि बाटली बर्फाच्या डब्यातून शक्य तितक्या लवकर, कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, प्रयोगशाळेत पोहोचवावी. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळून भरावी. प्रत्येक बाटलीवर गाव, उद्भव, तारीख व वेळ लिहावी. 'गावातील विहीर' एवढेच लिहू नये. गावात विहिरी अनेक असतात आणि चुकीच्या विहिरीचा चांगला अहवाल हा वाईट अहवालापेक्षाही घातक असतो.

अहवाल वाचावा कसा?

प्रयोगशाळेचा कागद पाहून सामान्य माणूस बिचकतो. वास्तविक तो वाचणे मातीपरीक्षणाच्या कागदाहून कठीण नाही. प्रथम माप समजून घ्यावे. लिटरमागे १ मिलिग्रॅम म्हणजे १००० लिटर पाण्यात १ ग्रॅम होय. मानकात बहुतेक द्रव्यांसाठी दोन मर्यादा दिलेल्या आहेत. पहिली 'स्वीकारार्ह', म्हणजे पाणी असे असावे. दुसरी 'दुसरा उद्भव नसल्यास चालेल अशी', म्हणजे याच्या पलीकडे जाऊ नये. जेथे दुसरी मर्यादाच दिलेली नाही, तेथे सवलत नाही असे समजावे.

समजा, एखाद्या गावच्या विहिरीच्या अहवालात पुढील आकडे आहेत : एकूण विरघळलेले क्षार ७८०, एकूण कठीणपणा ४२०, फ्लोराइड ०.६, नायट्रेट ६२, सर्व मिलिग्रॅम प्रति लिटर, सामू ७.६, विष्ठाजन्य जंतू १०० मिलिलिटरमध्ये आढळले नाहीत.

क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा ५०० व शेवटची २००० आहे. ७८० हा आकडा त्यांच्या मध्ये पडतो; पाणी किंचित मचूळ लागेल, पण चालेल. कठीणपणाच्या मर्यादा २०० व ६०० आहेत. ४२० असल्यामुळे डाळ शिजावयास वेळ लागेल, साबणाचा फेस कमी होईल आणि भांड्यास पांढरा थर बसेल. गैरसोय आहे, धोका नाही. फ्लोराइडच्या मर्यादा १.० व १.५ आहेत, ०.६ हे ठीक आहे. सामू ६.५ ते ८.५ च्या आत आहे. जंतू मुळीच नसावेत असा नियम आहे आणि नमुन्यात ते आढळले नाहीत. राहता राहिले नायट्रेट. त्याची मर्यादा ४५ आहे आणि तिला सवलत नाही. ६२ म्हणजे पाणी मानकाबाहेर गेले.

असा कागद वरवर पाहणारा मनुष्य क्षार आणि कठीणपणा यांचे मोठे आकडे पाहून घाबरेल आणि ६२ या लहान आकड्यावरून त्याची नजर पुढे जाईल. म्हणून अहवाल गावापुढे ठेवताना तो जसाच्या तसा लावून थांबू नये. प्रत्येक आकड्यापुढे मर्यादा लिहावी आणि 'ठीक', 'गैरसोय' किंवा 'धोका' यांपैकी एक शब्द लिहावा. आणखी एक सावधगिरी घ्यावी. काही ठिकाणी नायट्रेट हे त्यातील नत्राच्या मापात लिहितात. ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅम नत्र होय. कोणते माप वापरले आहे हे न पाहता १४ हा आकडा निर्धोक समजला तर तेथे मोठी फसगत होईल.

शेतातून विहिरीत, विहिरीतून माठात

नायट्रेटविषयी शेतकऱ्याने अधिक जाणून घेणे योग्य होईल, कारण त्याचे मूळ पुष्कळदा त्याच्याच बांधाच्या आत असते. पिकाने न घेतलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर खाली झिरपते. मोकळे पाट देऊन भिजविलेल्या ऊस किंवा भाजीपाल्याच्या शेतात, हलक्या मुरमाड जमिनीत आणि एकाच वेळी टाकलेल्या भरघोस युरियामुळे हे अधिक होते. विहिरीलगतचा उकिरडा, गोठ्याचे मूत्र आणि शौचालयाचा शोषखड्डा यांतूनही नायट्रेट येते. दख्खनच्या काळ्या खडकात भेगा व सांधे असल्यामुळे पाणी त्यांतून झपाट्याने वाहते. मातीच्या जाड थरातून ते जसे गाळले जाते तसे येथे गाळले जात नाही.

याचा सर्वांत मोठा धोका सहा महिन्यांखालील अर्भकांस असतो. अर्भकाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करते. ओठ व नखे निळसर दिसू लागतात. आईच्या दुधावर असलेल्या मुलास हा धोका नसल्यासारखाच असतो. वरच्या दुधात किंवा भुकटीत हेच पाणी मिसळले तर धोका उत्पन्न होतो. म्हणून वर सांगितलेला अहवाल हाती येताच ज्या घरी तान्हे मूल आहे त्या घरी, ग्रामसभेची वाट न पाहता, त्याच दिवशी निरोप गेला पाहिजे. आशा सेविकेजवळ अशा घरांची यादी असतेच.

हाच आकडा शेतीच्या दृष्टीनेही वाचता येतो. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या पाण्याची ५ सेंटिमीटरची एक पाळी हेक्टरी ५ लक्ष लिटर पाणी देते आणि त्याबरोबर सुमारे ५ किलो नत्र देते. अशा दहा पाळ्यांत हेक्टरी सुमारे ५० किलो नत्र जमिनीत जाते. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात नत्र सुमारे २०.७ किलो असते. म्हणजे ही जवळजवळ अडीच पोती झाली. हे नत्र पूर्वी कोणी तरी पैसे देऊन घेतलेलेच आहे. ते पिकास न मिळता विहिरीत गेले आणि तेथून माठात आले. मातीपरीक्षणाप्रमाणे खत देणे, युरियाचे हप्ते पाडणे, ठिबकाने नेमके पाणी व खत देणे आणि विहिरीच्या पाण्यातील नत्र खताच्या हिशेबात धरणे, हे उपाय म्हणून खर्च वाचविणारे आहेत आणि पिण्याचे पाणी राखणारेही आहेत. उकिरडा व शोषखड्डा विहिरीपासून दूर आणि उताराच्या बाजूस असावा. फवारणीचा पंप पाणवठ्यावर कधीही धुऊ नये.

मात्र हे उपाय आज केले तरी विहिरीतील आकडा उतरण्यास काही वर्षे जातात. तोपर्यंत त्या पाण्यात दुसऱ्या चांगल्या उद्भवाचे पाणी मिसळणे, उद्भव बदलणे किंवा पिण्यापुरते व स्वयंपाकापुरते पाणी शुद्ध करणारे सामुदायिक यंत्र बसविणे, हे मार्ग राहतात. रासायनिक दोष असलेल्या गावांत दरमाणशी ८ ते १० लिटर पाणी अशा यंत्राद्वारे पुरविण्याची तरतूद जल जीवन मिशनमध्ये केलेली आहे. अंघोळीस, धुण्यास व शेतीस तेच पाणी चालते, हेही गावास सांगावे. नाहीतर विनाकारण घबराट होते.

वाईट बातमी सांगण्याची रीत

महाराष्ट्रात वर्षातून दोनदा पाणवठ्यांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि त्यावरून ग्रामपंचायतीस लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल म्हणजे तीव्र जोखीम, पिवळे म्हणजे मध्यम, हिरवे म्हणजे सौम्य. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड टिकविणाऱ्या व साथ होऊ न देणाऱ्या ग्रामपंचायतीस चंदेरी कार्ड देतात. रंगाची ही भाषा सर्वांस कळते, हा तिचा मोठा गुण होय. परंतु तिच्यामुळे एक मोहही उत्पन्न होतो. लाल कार्ड म्हणजे गावाची बेअब्रू असे समजून दोष झाकण्याकडे कल होतो. सरपंचास विरोधकांची भीती वाटते, कर्मचाऱ्यास ठपक्याची भीती वाटते आणि अहवाल कपाटात जातो. कपाटात गेलेल्या अहवालाने जंतू मरत नाहीत. ज्या ज्वराची वार्ता वैद्यास सांगितली नाही तो ज्वर उतरत नाही, तद्वत हे आहे.

अमेरिकेत १९९६ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली व १९९८ मध्ये त्याप्रमाणे नियम झाले. वर्षभर राहणाऱ्या २५ माणसांस किंवा १५ जोडण्यांस पाणी पुरविणाऱ्या लहान योजनेनेही आपल्या पाण्याचा वार्षिक अहवाल १ जुलैपर्यंत ग्राहकांस दिला पाहिजे, असे त्यांत ठरले. ज्या दोषाने ताबडतोब आजार होऊ शकतो तो आढळल्यास २४ तासांच्या आत लोकांस कळविणेही तेथे बंधनकारक आहे. देश वेगळा असला तरी त्यामागील तत्त्व आपल्या गावासही लागू पडते : नित्याचा अहवाल नेमल्या दिवशी, धोक्याचा अहवाल त्याच दिवशी.

धोक्याची सूचना लिहिताना पाच गोष्टी सांगाव्या : काय आढळले, कोठे आढळले, कोणास धोका आहे, लोकांनी काय करावे आणि पुन्हा कधी कळविले जाईल. उदाहरणार्थ : "वरच्या आळीतील नळाच्या पाण्यात काल घेतलेल्या नमुन्यात विष्ठाजन्य जंतू आढळले. तेथील सर्व घरांनी पिण्याचे पाणी उकळी फुटेपर्यंत तापवून, झाकून थंड करून वापरावे. लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांची विशेष काळजी घ्यावी. जुलाब झाल्यास क्षारसंजीवनी सुरू करून उपकेंद्रात यावे. नळी दुरुस्त होत आहे. दुसऱ्या नमुन्याचा निकाल गुरुवारी सायंकाळी याच फलकावर लावला जाईल." असे लिहिले असता अफवेस जागा राहात नाही. फलक न वाचू शकणाऱ्यांसाठी दवंडी द्यावी किंवा ध्वनिक्षेपकावरून सांगावे आणि वस्तीवर माणूस पाठवावा. दोष नाहीसा झाल्यावर तसेही जाहीरपणे सांगावे. नाहीतर पुढच्या सूचनेवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

ग्रामसभेपुढे

ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या तारखा पुष्कळ गावांत रूढ आहेत. पावसाळ्यानंतरच्या तपासणीचा अहवाल २६ जानेवारीस आणि पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीचा अहवाल १५ ऑगस्टला वाचावा, असा प्रघात पाडणे सोयीचे होईल. अहवाल एका पानाचा असावा. पाणी कोठून येते; वर्षात किती वेळा तपासले; काय आढळले व मर्यादा काय; किती दिवस शेवटच्या घरी क्लोरीन कमी पडला; काय दुरुस्त केले आणि काय राहिले; तक्रार कोणाकडे करावी; एवढे त्यात आले म्हणजे पुरे. तपासणी करणाऱ्या महिलांपैकी एकीनेच तो वाचल्यास अधिक बरे. पाणी भरणारी, साठविणारी व मुलांस पाजणारी तीच असते, आणि प्रश्न विचारण्याचे धाडस इतर स्त्रियांसही तिच्यामुळे होते. महिला ग्रामसभेत तो आधी वाचून त्यावर विचारलेले प्रश्न लिहून घ्यावे.

कृषी विभागाच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्यांनी या वेळी अवश्य हजर राहावे. नायट्रेटचा आकडा वाचला जाईल त्याच बैठकीत खताच्या हप्त्यांविषयी बोलणे अधिक परिणामकारक होते. एरवी युरिया कमी वापरा हा सल्ला उपदेशासारखा वाटतो; स्वतःच्या माठातील आकडा पुढे असला की तोच सल्ला हिताचा वाटतो.

पाणीपट्टीच्या वसुलीचाही या अहवालाशी संबंध आहे. आपण दिलेल्या पैशातून पावडर घेतली, नळी बदलली, नमुने पाठविले, असे कागदावर दिसले की पट्टी देण्यास लोक कुरकुर कमी करतात. ज्या कामाचा हिशेब मिळत नाही त्यास पैसे देणे कोणासही जड जाते.

पूर्वी गावच्या आडावर पाणी भरावयास आलेल्या बाया पाण्याचा रंग, वास व पातळी यांविषयी परस्परांस सांगत आणि गावास पाण्याची वार्ता आपोआप कळे. नळ घरात आला; सोय झाली, पण ती वार्ता मात्र बंद पडली. आता पाणी कोठून येते, त्यात काय मिसळले जाते आणि ते कोण पाहतो, हे नळाकडे पाहून कळत नाही. म्हणून जी वार्ता आडावर तोंडोतोंडी मिळत असे ती आता लिहून, वाचून व फलकावर लावून द्यावी लागेल. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. एक वही, एक फलक, तपासणीचा संच आणि खरे लिहिण्याचा निश्चय एवढ्यावर हे काम प्रत्येक गावास येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू करता येईल. सुरुवात म्हणून ग्रामपंचायतीच्या दप्तरातील शेवटचा अहवाल बाहेर काढावा, त्यावरील तारीख पाहावी आणि तो उद्याच फलकावर लावावा.